अर्धं बोलणं

छोट्या : आई, शेवटचं विचारतो. कुठे ठेवलास तू कंट्रोलर?

आई : शेवटचं ना? मग संपलं. जेवण झालंय, आता जरा आडवा हो.

छोट्या : मला आडवं नाही व्हायचं! चारला दुकान उघडायचंय आणि त्याआधी आमचा जहाजाचा टप्पा पार व्हायला हवा. दोघं जण खोळंबलेत माझ्यासाठी.

आई : असतील हो, असतील. खोळंबू देत बिचारे.

छोट्या : तू अशी गोड बोलायला लागलीस ना, की मला धडकी भरते. अगं ए, तू तरी सांग हिला काहीतरी.

सून : मला यात ओढू नका. माझ्यापुढे नववीच्या भूगोलाचा गठ्ठा पडलाय. एका पठ्ठ्याने ज्वालामुखी काढायचा म्हणून काढला आणि शेवटी त्याच्यावर पाऊस पाडून विझवला. त्याला गुण द्यायचे की समज द्यायची, या विवंचनेत आहे मी.

छोट्या : पण काल तुझ्यासमोरून नेला ना हिने?

सून : नेला. शालीखाली झाकून. मला वाटलं, मांजराचं पिल्लू आणलंय कुठून तरी.

आई : पिल्लू कसलं, खेकडा आहे तो. दोन नांग्या आणि मध्ये बटणं. छप्पन्न वर्षांचा बाप्या, डोक्यावर केस औषधाला नाही, आणि भर दुपारी तो खेकडा कुरवाळत बसतो. दुकानाला पाटी काय लावलीस? दुपारी बंद. गिऱ्हाइकांना वाटत असेल, चष्मेवाला सकाळभर लोकांचे डोळे तपासून थकतो, घटकाभर पडत असेल. त्यांना काय माहीत! परवा समोरच्या बाई विचारत होत्या, तुमचा मुलगा दुपारचा कुणावर एवढा ओरडत असतो?

छोट्या : मग काय सांगितलंस?

आई : सांगितलं, सुनेवर.

सून : आई!

आई : मग काय सांगू? टीव्हीतल्या कांद्यावर ओरडतो म्हणून?

सून : तरीच! तरीच त्या हल्ली मला जिन्यात गाठून हात हातात घेतात आणि म्हणतात, रात्री-अपरात्री कधीही दार वाजवा. मला वाटलं, नवीन कुलूप बसवलंय ते दाखवायचं असेल.

छोट्या : हे बघ आई, तो एक खेळ आहे. साधा खेळ. खेळण्यात वाईट काय? तू शब्दकोडं सोडवतेस, ते चालतं.

आई : शब्दकोडं मी गप्प बसून सोडवते. दोन उभं, पाच आडवं करून किंचाळते का? आणि खेळायचं एक वय असतं. खेळलं की घाम यावा, गुडघा फुटावा, घरी आल्यावर आईने ओरडावं.

छोट्या : तू ओरडतेच आहेस की.

आई : गुडघा दाखव.

छोट्या : हा घे.

आई : बघ. साधं खरचटलेलंसुद्धा नाही.

सून : आई, खरं सांगू? मला यांच्या खेळण्याचा राग नाही. राग आहे तो खेळ कोणता निवडला याचा. बंदुका नाहीत, मोटारी नाहीत. काय, तर हॉटेलचं स्वयंपाकघर! कांदे चिरायचे, सूप ढवळायचं, ताटं धुवायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या माणसाने घरातली एक बशी कधी विसळलेली नाही. आणि मागच्या आठवड्यात मला हलवून जागं केलं. का? तर ताटं धुण्यात पहिले आले म्हणून.

छोट्या : पदक मिळालं होतं.

सून : सोन्याचं.

छोट्या : आणि ते सोपं नाहीये. तिथे स्वयंपाकघर जहाजावर आहे. जहाज कललं की ताटं घसरतात, पातेली घसरतात, टोमॅटो या टोकाचे त्या टोकाला जातात. तुला गंमत वाटते.

सून : जहाजच हवं असेल तर तुम्ही बेसिनपाशी उभे राहा. मी मागून हलवत राहीन.

आई : थांबा. एका वेळी एकाने बोला. छोट्या, माझ्याकडे बघ. आज वार कोणता?

छोट्या : बुधवार, आई. आज बुधवार आहे हं. काल मंगळवार होता, उद्या गुरुवार येईल. तू काही काळजी करू नकोस.

आई : मी कशाला काळजी करू? आपल्या दुकानाच्या फोनचा नंबर सांग.

छोट्या : सांगतो. हळूहळू सांगू का? की कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देऊ?

सून : अहो...

छोट्या : तू मध्ये बोलू नकोस. आई, आणखी काही आठवत नसेल तर खुशाल विचार. लाज वाटून घेऊ नकोस. वय झालं की होतं असं. मी आहे ना.

आई : मला आठवत नाही? मला? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. अख्ख्या गावाचे नंबर तोंडपाठ होते. लाकडाच्या वखारीचा, दवाखान्याचा, बँकेच्या साहेबांच्या घरचा, आणि साहेब खरे जिथे असायचे तिथलासुद्धा. मला मोठ्या अक्षरात लिहून देतोय!

छोट्या : मग रोज वार का विचारतेस?

आई : विचारते आपली.

सून : आता पुरे झालं. मी सकाळपासून गप्प बसलेय, म्हटलं बघू, कोण आधी तोंड उघडतं. पण असंच चाललं तर माझा गठ्ठा काही आज संपत नाही. दवाखान्यातून फोन आला होता.

आई : कुठल्या?

छोट्या : कुठल्या दवाखान्यातून?

सून : डोक्याच्या डॉक्टरांच्या. उद्या सकाळी आपल्या घरातल्या दोघांनी लागोपाठच्या वेळा घेतल्यात. तिथल्या बाई गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, यातला पेशंट कोण आणि सोबत येणारा कोण, तेवढं सांगा.

आई : दोघांच्या कशा? मी तर एकच वेळ घेतली.

छोट्या : मीही एकच घेतली.

सून : बरोबर. तुम्ही यांच्यासाठी घेतलीत आणि यांनी तुमच्यासाठी.

आई : माझ्यासाठी?

छोट्या : माझ्यासाठी?

आई : माझ्या डोक्याला काय धाड भरलीय?

छोट्या : काय म्हणजे? रोज सकाळी वार विचारतेस. काल दुकानात फोन केलास आणि मी उचलल्यावर म्हणतेस, कोण बोलतंय? नंबर तू लावलेला, आवाज पोटच्या मुलाचा! आणि सोमवारी चहात साखरेऐवजी मीठ घातलंस. मी ब्र काढला नाही. घोट घोट करून सगळा चहा संपवला.

आई : मग! सगळा चहा संपवलास! मी बघत होते ना समोर बसून. म्हटलं, गेलं. याला आता खारट-गोडही कळेनासं झालं.

छोट्या : म्हणजे मुद्दाम घातलंस?

आई : तुला कळतं का ते बघायला.

छोट्या : आणि मी तो तुला वाईट वाटू नये म्हणून प्यायलो!

सून : तुमच्या या चाचण्यांपायी त्याच पातेल्यातला चहा मीही प्यायले, हे कुणी लक्षात घेतलंय का? मला वाटलं, दुकानदाराने चहापत्ती बदलली. त्याच्याशी वाद घालून पाकीट परत करून आले मी.

छोट्या : पण आई, का? माझं काय बिनसलंय असं वाटलं तुला? खेळतो म्हणून लगेच डोक्याचा डॉक्टर?

आई : खेळतोस म्हणून नाही रे.

छोट्या : मग?

आई : गेल्या मंगळवारी दुपारी माझा डोळा लागला होता. तू ओरडलास, आग लागली, पाणी आणा, पाणी! मी धडपडत उठले. चप्पल घातली नाही, काठी घेतली नाही. जग भरला आणि धावत आले. बघते तर आग नाही, धूर नाही. गॅस बंद. तू सोफ्यावर बसलेला. मी शेजारी उभी आहे, हातात जग आहे, तरी तुझं लक्ष नाही. समोर बघून म्हणतोस, अहो, गिऱ्हाईक उठून चाललंय, त्यांना थांबवा कुणीतरी. तुझा चेहरा बघायला मी वाकले. अर्धं पाणी तिथेच सांडलं.

छोट्या : तो सोफा तुझ्या पाण्याने ओला झाला होता? मी छत गळतंय म्हणून वरच्यांशी भांडून आलो! बाथरूम फोडा म्हणून सांगितलं त्यांना!

सून : फोडताहेत. उद्यापासून काम सुरू आहे त्यांचं.

आई : फोडू देत. मला सांग, कुठलं गिऱ्हाईक होतं? खोलीत तू आणि मी, तिसरं कुणी नाही.

छोट्या : अगं, खेळातलं गिऱ्हाईक. सूपला उशीर झाला की ती उठून जातात.

आई : तुझे बाबा असंच म्हणायचे.

छोट्या : बाबा?

आई : शेवटच्या वर्षी. तू दिवसभर दुकानात असायचास, तुला त्यातलं अर्धंही ठाऊक नाही. दुपारी या खुर्चीत बसायचे आणि समोरच्या भिंतीला विचारायचे, खालची ओळ वाचा. आता कसं दिसतंय? की आधीची काच बरी होती? एवढं विचारून थांबायचे. वाट बघायचे. उत्तर नाही आलं की कासावीस व्हायचे. हात चोळायचे. म्हणायचे, गिऱ्हाईक उठून चाललं.

सून : हे तुम्ही कधी बोलला नाहीत, आई.

आई : बोलून काय करायचं होतं?

छोट्या : मग तू काय करायचीस?

आई : हातातलं काम टाकायचे, भिंतीपाशी येऊन उभी राहायचे आणि सांगायचे, आधीची बरी होती हो, ही जरा धूसर वाटतेय. की लगेच चेहरा खुलायचा. म्हणायचे, बसा, मी दुसरी लावून बघतो. मग पुन्हा थोड्या वेळाने तेच. दिवसातून कितीदा उठायचे त्याला गणती नाही. पण तेव्हा गुडघे धड होते माझे. आता हे सगळं पुन्हा तुझ्यासाठी करावं लागलं तर होईल का माझ्याच्याने? आठ दिवस हाच एक विचार. भीती वाटते रे मला.

छोट्या : आई. अगं, इकडे ये. बस अशी. मी भिंतीशी नाही बोलत. समोर खरी माणसं असतात. ती त्यांच्या घरी असतात, मी माझ्या. मला त्यांचे आवाज ऐकू येतात. कानात.

आई : हेच म्हणायचे ते.

सून : अहो, तुम्ही जितकं समजावताय तितकं आणखी अवघड करताय. आई, यांच्या कानात दुपारचं ते पांढरं काहीतरी असतं ना?

आई : असतं. ऐकायला कमी येतं म्हणून घालतो. मी मुद्दामच विषय काढला नाही. म्हटलं, लोकांचे डोळे तपासतो आणि स्वतःचे कान गेले, हे कुणाला सांगावंसं वाटत नसेल.

छोट्या : हेडफोन आहे तो!

आई : मला हेडफोन शिकवू नकोस. जन्म गेला माझा त्यात. हेडफोनला डोक्यावरून पट्टा असतो, तार असते आणि तोंडापुढे बोलायला नळी असते. तुझ्या त्या दाण्याला ना तार, ना नळी. मग बोलतोस कशात?

छोट्या : त्यातच. ऐकायचं आणि बोलायचं, दोन्ही त्यातच असतं आता.

आई : एवढ्याशा दाण्यात?

छोट्या : एवढ्याशा दाण्यात. म्हणून तुला फक्त माझंच बोलणं ऐकू येतं.

आई : आणि मला सवय दोन्हीकडचं ऐकायची. इकडचा बोलला की तिकडचा काय म्हणाला, ते लगेच कळायचं. तुझ्याकडून आठ दिवस नुसतं अर्धंच येतंय.

सून : पण ऑपरेटरने लोकांचं बोलणं ऐकायला मनाई असते ना, आई?

आई : लाइन नीट जुळली का, याची खात्री करावी लागायची.

सून : मग?

आई : कधी कधी लवकर खात्री पटायची नाही.

छोट्या : मग आजही खात्री कर. मी कानात काही घालत नाही. त्यांचा आवाज टीव्हीतून लावतो, सगळ्या खोलीला ऐकू येईल. तू इथेच बस.

आई : आणि कुणी बोललंच नाही तर?

छोट्या : तर उद्या डॉक्टरांकडे मी मुकाट्याने येतो. तू म्हणशील त्या गोळ्या घेतो. मीठ घातलेला चहा पितो.

सून : पण खेकडा कुठे आहे? यांनी सगळी कपाटं उपसली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून झाला. मी तो तांदूळ तिसऱ्यांदा भरलाय.

आई : बाबांच्या काचांच्या पेटीत. डोळे तपासायच्या काचा होत्या ना, त्यात. घर उलटंपालटं केलंस तरी त्या पेटीला तू हात लावणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. ते गेल्यापासून उघडली नाहीस तू ती.

छोट्या : नाही उघडली.

आई : मी आणून देते.

छोट्या : नको. मीच आणतो.

(छोट्या आतून पेटी आणतो, उघडतो, वरची एक काच शर्टाला पुसून परत ठेवतो. मग कंट्रोलर काढून टीव्ही लावतो.)

छोट्या : हॅलो? आहात का कुणी?

आई : आवाज वाढवून बघ.

छोट्या : हॅलो?

आई : राहू दे, बाळा. नसेल कुणी.

टीव्हीतला बाईचा आवाज : अहो शेफ, होतात कुठे तुम्ही? माझा पेशंट येऊन बसेल आता!

आई : अगंबाई! ही कोण?

छोट्या : दातांची डॉक्टर आहे. दुपारी तिचाही दवाखाना बंद असतो.

टीव्हीतला पुरुषाचा आवाज : शेफ, काल तुम्ही नव्हतात, सगळं सूप करपलं. गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या.

छोट्या : आणि हा लिफ्ट दुरुस्त करतो.

आई : आत्ता याच्या एखाद्या लिफ्टमध्ये कुणी अडकलेलं नाही ना? विचार त्याला.

पुरुषाचा आवाज : कोण बोलतंय हे?

छोट्या : माझी आई आहे.

बाईचा आवाज : अय्या! नमस्कार, मावशी!

पुरुषाचा आवाज : नमस्कार काकू! शेफ आम्हाला नेहमी सांगतात, आमच्या आईच्या हाताखाली एक दिवस काम केलंत तर सुतासारखे सरळ व्हाल.

आई : थांबा. एका वेळी एकाने बोला. डॉक्टरीणबाई, आज वार कोणता?

बाईचा आवाज : बुधवार. का हो?

आई : लिफ्टवाले, तुम्ही सांगा.

पुरुषाचा आवाज : बुधवारच, काकू. सकाळपासून बुधवारच आहे.

आई : तुम्हाला आई आहे का?

पुरुषाचा आवाज : आहे ना. शेजारच्या खोलीत आहे. पण बोलत नाही माझ्याशी. दुपारी खेळत बसतो म्हणून फुरंगटून बसलीय.

आई : तुम्ही खेळताना बडबड करता, तेव्हा आमचं बोलणं तिला ऐकू येतं का?

पुरुषाचा आवाज : तिला कसं येईल? मी कानात हेडफोन घालतो.

आई : मग ती फुरंगटलेली नाही. घाबरलीय. जा, तिला बोलावून आणा आणि ऐकवा आमचं.

पुरुषाचा आवाज : आत्ता? काकू, जहाज निघालंय!

आई : आत्ता. जहाज जाईल कुठे? आम्ही लाइन धरतो.

बाईचा आवाज : मावशी, तुम्ही आमच्यात खेळायला या ना. आम्हाला असं दरडावणारं कुणीतरी हवंच आहे.

आई : मी नाही येणार. मला आवडत नाही तुमचा खेळ. शिकलीसवरलेली मोठी माणसं तुम्ही, खोटी ताटं कसली धुता? आणि तुमचा पेशंट येतोय ना? जाताना हात धुऊन जा त्याच्याकडे.

सून : ऐकलंत? खोटी ताटं. खरी बेसिनमध्ये आहेत.

छोट्या : धुतो. हा टप्पा झाला की धुतो.

सून : पदक मी देईन. पितळेचं चालेल ना?

आई : आणि कानात दाणा घालायचा नाही. माझ्यासमोर, मोठ्या आवाजात. समोरच्या बाईंनाही ऐकू गेलं तर बरंच. निदान तुझ्यावरचा आळ तरी जाईल.

छोट्या : आणि उद्याचा दवाखाना?

सून : मी कळवते त्यांना. दोन्ही पेशंट एकमेकांना तपासून मोकळे झाले म्हणून. तुम्ही मात्र वरच्यांकडे जा, त्यांनी पहिली फरशी उचकटायच्या आत.

पुरुषाचा आवाज : आलो, आलो! आईला घेऊन आलोय. शेजारी बसवलंय. बोला काकू, तिला काही सांगायचंय का?

आई : काही नाही. बसू दे त्यांना. ऐकू दे.

छोट्या : चला, चला, कांदे घ्या! कांदे! टोमॅटो कोण चिरतंय? अहो, तो तिकडे गडगडत चाललाय, धरा त्याला! ताटं माझ्याकडे सरकवा! जहाज कलतंय, पातेलं धरा! गेलं, गेलं, गेलं! आग! आग लागली! पाणी आणा, पाणी!

बाईचा आवाज : आणलं, आणलं! ओततेय मी!

सून : आई, अहो बसा ना. कुठे उठताय?

आई : उठत नाहीये गं. पाय जरा पसरतेय. ती आणतेय ना पाणी.